आधी फूल दाखव

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काम अगदी साधं होतं. घरी जायचं, ज्या पातेल्यात पाणी उकळलं ते पातेलं आणि ज्या बरणीतून चक्रीफूल काढलं ती बरणी उचलायची, आणि परत यायचं. स्कूटरवर जायला सात मिनिटं, यायला सात. हातीपायी धड असलेल्या कुठल्याही माणसाला जमलं असतं. पण ते सांगितलं गेलं भडक्याला, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

भडका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कारखान्यातल्यांनी ते ठेवलं होतं आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. नाकावर राग असणं म्हणजे मोठी मर्दुमकी, असं समजणाऱ्या माणसांपैकी तो एक. चहात साखर कमी पडली की कप भिंतीवर. दार उघडायला उशीर झाला की दारावर लाथ. तासाभरात तो शांत व्हायचा, काचा स्वतःच गोळा करायचा आणि वर म्हणायचा, "माझ्या पोटात काही नसतं हं. बोललो की मोकळा." मोकळा तो व्हायचा, यात शंका नाही. घरातल्या दोघी, आई आणि बायको, मात्र जिन्यावरच्या त्याच्या चपलांच्या आवाजावरून ठरवायच्या, आज समोर थांबायचं की मागच्या खोलीत सरकायचं.

कारखाना धुराच्या वड्यांचा होता. डास आणि कसर पळवायच्या वड्या, हिरव्या कागदात गुंडाळलेल्या. भडका कुटायच्या यंत्रावर होता, बारा वर्षं. त्या वड्यांत जे मुख्य फळ पडायचं त्याला कामगार कडवं फूल म्हणायचे. दिसायला थेट स्वयंपाकघरातलं चक्रीफूल, सख्खी बहीण म्हणावी इतकं. पण चक्रीफुलाला आठ पाकळ्या, जाडजूड आणि बोथट. कडव्याला दहा-अकरा, बारीक, आणि प्रत्येकीचं टोक पोपटाच्या चोचीसारखं वर वळलेलं. वासही गोड नाही, कापराच्या अंगानं जाणारा. आणि पोटात गेलं तर जहर. नवा गडी आला की त्याला पहिल्या दिवशी शिकवायचं काम भडक्याकडे असे. एक-एक फूल हातात देऊन तो सांगायचा, "नाकानं वास घे, अंगठ्यानं टोकं मोज. जिभेचं इथं काम नाही. ज्यानं जीभ लावली तो आडवा." असे वीसेक जण तरी त्याच्या हाताखालून गेले होते. हे लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी त्याच्या ते लक्षात राहिलं नाही.

त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती म्हणून तो घरीच होता. सकाळी दहाला पोरीनं दूध ओकलं. साडेदहाला पुन्हा. अकराला तिचे डोळे वर गेले, मुठी आवळल्या, आणि तीन महिन्यांचं ते एवढंसं अंग लाकडासारखं ताठ होऊन झटके देऊ लागलं. बायकोनं किंकाळी फोडली. भडक्यानं पोरीला उचललं, बायकोला मागं बसवलं आणि स्कूटर अशी हाणली की वाटेत दोन माणसं नाल्यात उड्या मारून वाचली. त्याची आई घरीच राहिली. तिला कुणी चल म्हटलं नाही.

दवाखान्यात पोरीच्या हातात सुई गेली, नाकावर नळी आली. झटके थांबले, पाच मिनिटांनी परत सुरू झाले.

"काय पाजलंत हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दूधच," बायको म्हणाली. "आणि पोटात गॅस धरत होता म्हणून सासूबाई चक्रीफुलाचं पाणी देतात. चार चमचे. दोन आठवडे देताहेत, कधी काही झालं नाही."

"तीन महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, हे किती वेळा ओरडून सांगायचं?" बाई म्हणाल्या आणि लगेच आवाज खाली आणला. "ते राहू दे आता. हे दुखणं मेंदूतलं आहे की त्या पाण्यातलं, मला ठरवता येत नाहीये. मेंदूतलं असेल तर पाठीच्या कण्यात सुई घालावी लागेल, आणि इतक्या झटक्यांत ते जिवावरचं काम आहे. ते फूल मला डोळ्यांनी बघायचंय. बुरशी असेल, फवारणी असेल, भेसळ असेल. अर्ध्या तासात आणा. तेवढा वेळ मी थांबते, त्यापुढे नाही थांबता येणार."

बुरशी, फवारणी, भेसळ. तीन शब्द होते. भडक्याला तिसराच ऐकू आला.

स्कूटरला किक मारेपर्यंत त्याच्या डोक्यात सगळा खटला चालून निकालसुद्धा लागला होता. चक्रीफूल कुठून येतं? कोपऱ्यावरच्या मसालेवाल्याकडून. भेसळ कोण करतं? तोच. पोरगी कुणामुळे मरतेय? बारा वर्षं ज्याच्या धुळीनं छाती भरली ते फूल त्याला त्या वेळी आठवायला हवं होतं की नाही? पण डोकं फिरलेल्या माणसाला काय आठवतं? त्याला फक्त हात शिवशिवताना जाणवत होते. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. भीती कशी सोसायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मारायचं कसं, ते येत होतं.

दुकान वाटेतच होतं.

मसालेवाले काका म्हणजे किडकिडीत माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली, बोलणं हळू. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून मसाला नेताना सल्लाही नेत. मटण शिजत असताना दोनच फुलं टाका, जास्त टाकलीत तर औषध खाल्ल्यासारखं लागेल. खोकल्याला एक फूल गरम पाण्यात, वर मध. आणि कुणी तक्रार घेऊन आलं की काकांचं एकच ठरलेलं: आधी माल दाखव. माल पाहिल्याशिवाय ते ना हो म्हणत, ना नाही.

भडका आत शिरला तेव्हा ते धणे मोजत होते.

"काय रे, इतक्या घाईनं? पोरगी कशी आहे?"

"पोरगी मरतेय!" भडका ओरडला. "तुझं फूल पाजलं तिला. काय कालवलंस त्यात, बोल!"

काकांचा हात धण्यांतच राहिला. "मरतेय? अरे देवा. कसलं फूल? चक्रीफूल? थांब, थांब. तुझ्या आईनं माझ्याकडून चक्रीफूल नेलं त्याला दोन महिने झाले. आधी फूल दाखव मला."

"पुरावा मागतोस?"

"पुरावा नाही रे बाबा. फूल दाखव. बघितलं की मला लगेच कळेल ते..."

वाक्य तिथंच तुटलं. तराजूत एक किलोचं लोखंडी वजन होतं, ते भडक्याच्या मुठीत आलं आणि काकांच्या जबड्यावर बसलं. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. चष्मा दोरीसकट मानेमागं गेला. काका फळीवर आदळले, फळीवरच्या बरण्या खाली आल्या, मिऱ्यांचे दाणे जमिनीभर उधळले. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, दाण्यांवरून पाय घसरला आणि ते गुडघ्यांवर पडले. तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले. तरीही त्यांनी हात वर केला. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून ते काहीतरी धरल्यासारखं करून दाखवत होते. फूल. फूल दाखव.

भडक्याला वाटलं, म्हातारा वेडावतोय. त्यानं छातीत लाथ घातली. मग दुसरी. तिसरीला आत काहीतरी मोडल्याचं त्याच्या पायाला कळलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला बरं वाटलं. दवाखान्यात पोरीच्या उशाशी उभं राहून त्याला काहीच करता येत नव्हतं. इथं तो काहीतरी करत होता.

खिशात फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्यानं ऐकलाच नाही.

एव्हाना दारात गर्दी जमली होती. शेजारचा केशकर्तनवाला गळ्यात टॉवेल असलेल्या गिऱ्हाइकासकट आला, पलीकडचा टायरवाला हातातल्या पान्यासकट आला. "काय झालं?" "पोरीला विष घातलं ह्यानं." "एकीलाच?" "तिघांना म्हणे." हे तीन कुठून आले, कुणी विचारू नये. काल याच काकांकडून उधारीवर जिरं नेलेला माणूस आज त्यांच्या दुकानाची फळी उचकटत होता. टायरवाल्यानं पान्यानं काचेचं कपाट फोडलं. कुणी पोती फाडली, कुणी गल्ला उचलला. हळदीची पूड उडाली आणि सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले. मागच्या खोलीतून काकू धावत आल्या, नवऱ्याच्या अंगावर आडव्या पडल्या, आणि त्यांच्या पाठीतही एक बुक्का बसला. तो भडक्याचा नव्हता. पण दार त्यानंच उघडून दिलं होतं.

फोन चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यानं तो काढला. बोटं रक्तानं निसरडी झाली होती.

"मिळालं का फूल?" बायको म्हणाली. ती रडत नव्हती, रडण्याच्या पलीकडे गेली होती. "अहो, पस्तीस मिनिटं झाली. तिला पुन्हा झटका आलाय, मोठा. बाई सुई काढून बसल्यात, झटका थांबला की घालणार. फूल कुठंय?"

भडक्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एका हातात फोन, दुसऱ्यात किलोचं वजन.

"आलो," तो म्हणाला.

स्कूटर गर्दीनं आडवी पाडली होती आणि तिच्यावर चढून दोघं दुकानाची पाटी उपटत होते. तो पळतच सुटला.

आई दारातच उभी होती. सकाळपासून ती तिथंच असावी. "पोर कशी आहे रे?" तिनं विचारलं आणि मग त्याचा सदरा पाहिला. "हे रक्त कुणाचं?"

तो तिला ओलांडून स्वयंपाकघरात शिरला. शेगडीवर पातेलं तसंच होतं. तळाला बोटभर पाणी आणि त्यात एक फूल, उकळून फुगलेलं, टम्म. त्यानं ते उचललं. तळहातावर ठेवलं. आणि अंगठा आपोआप फिरला, बारा वर्षांच्या सवयीनं, डोकं काही म्हणायच्या आत. एक, दोन, तीन. आठ. नऊ. दहा. अकरा. प्रत्येक टोकाला चोच.

त्यानं बरणी उघडली. वरचा थर सगळा तसलाच, अख्खा, एकही पाकळी न तुटलेला. खाली तळाला काकांच्या दुकानातल्या खऱ्या चक्रीफुलांचे चार तुकडे. बरणीतून कापराचा वास आला.

 तो ओट्याला धरून उभा राहिला. हे फूल बाजारात मिळत नाही. ह्या गावात ते एकाच ठिकाणी येतं, बंद ट्रकमधून, त्याच्या यंत्राशी.

"हे..." तो म्हणाला आणि वळला. "आई, हे कुठून..."

तो ओरडला नव्हता. त्याला ओरडायचंच नव्हतं. पण वळताना त्याचा हात बरणीसकट वर आला होता, आणि म्हातारीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं चेहऱ्यासमोर जुळवली आणि भिंतीकडे तोंड करून ती खाली बसली. इतक्या झटक्यात, इतक्या सफाईनं, की ती हे पहिल्यांदा करत नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. भडका चारचौघांत म्हणायचा, आईवर मी आयुष्यात एकदाच हात उचललाय, तोही चुकून. म्हातारीच्या कोपरांचा हिशेब वेगळा होता.

"तुला विचारलं होतं रे," ती कोपरांच्या आतून म्हणाली. "मंगळवारी गारठा पडला, तेव्हा बाळाची दुपटी काढायला ट्रंक उघडली. त्यात पुरचुंडी होती फुलांची. तुला म्हटलं, अरे, इतकी चांगली फुलं कपड्यांत कशाला, स्वयंपाकाला घेऊ का? तू म्हणालास, काय करायचं ते कर, डोकं खाऊ नकोस. माझी जुनी बहुतेक तुटकी झाली होती. आम्हा दोघींच्या भाजीला मी तुटकीच घालत होते. ही अख्खी बाळासाठी ठेवली. काल संध्याकाळी जुन्यातलं शेवटचं अख्खं फूल संपलं... आज पहिल्यांदाच घेतलं ह्यातलं. तुलाही लहानपणी हेच पाजलं होतं मी. तुला कधी काही झालं नाही."

त्याला आठवलं. सगळं आठवलं. कामावरून निघताना कारखान्यातला प्रत्येक जण मूठभर फुलं फडक्यात बांधून घरी नेतो, ट्रंकेतल्या लोकरीला कसर लागू नये म्हणून. त्यानंही आणली होती, मागच्या थंडीत. हे काय आहे, हे घरात सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण ट्रंक त्याची होती आणि घर त्याचं होतं. आणि मंगळवारी सकाळी तो बूट घालत होता, नाडी तुटली होती, आणि आई मागं उभी राहून काहीतरी फुलांचं विचारत होती. त्यानं मान वर करून पाहिलंही नव्हतं. मान वर केली असती तर तिच्या तळहातावरची पुरचुंडी दिसली असती. एवढंच करायचं होतं.

त्याला वाटलं, खाली बसावं, तिचे हात डोक्यावरून खाली घ्यावेत. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. म्हातारी आणखी आकसली. "मारू नको रे," ती म्हणाली. "पोर जगू दे, मग मार."

तो बरणी आणि पातेलं घेऊन पळाला.

वाटेत दुकान होतंच. आता पाटी खाली आली होती आणि पोत्यांना कुणीतरी काडी लावली होती. मिरची जळत होती, माणसं खोकत होती, तरी हटत नव्हती. काकांना ओढून पायरीवर आणून काकू एकट्या दारात उभ्या होत्या, हातात झाडू, पदर फाटलेला, येईल त्याच्या तोंडावर झाडू मारत होत्या. कुणीतरी भडक्याला ओळखलं. "आला रे, बाप आला! कशी आहे पोर?" सगळ्यांनी वळून पाहिलं. एक शब्द बोलला असता तर तिथंच सगळं थांबलं असतं. पण तो एक शब्द बोलायचा तर मग दहा बोलावे लागले असते, आणि घड्याळात पंचावन्न मिनिटं झाली होती. तो तोंड फिरवून पळत राहिला. ते पोरीसाठी होतं, हे खरं. पण त्याला सुटल्यासारखंही वाटलं, हेही तेवढंच खरं.

डॉक्टरीणबाईंनी पातेल्यातलं फूल चिमट्यानं उचललं. भडक्यानं धापा टाकत सांगितलं, "हे चक्रीफूल नाही. हे कडवं फूल. विष आहे. आमच्या कारखान्यात वड्यांना वापरतात."

"नक्की?"

"बारा वर्षं कुटतोय."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, त्याच्या सदऱ्याकडे एकदा.  "सुई राहू दे," त्या नर्सला म्हणाल्या. "पोटातलं आहे. झटक्यांचं औषध बदला, सलाइन वाढवा." पडदा ओढला गेला.

बायको बाकावर होती. पोरीचं एक दुपटं तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "हे आपल्या घरात आलं कुठून?" तिनं विचारलं.

दुकानातून, हा शब्द अगदी जिभेवर तयार होता. म्हटला असता तर कुणाला कळलं असतं? काकांचा जबडा तुटला होता, दुकान जळत होतं, आईचं तोंड कुलूपबंद होतं. सगळं गाव त्याच्या बाजूनं होतं. बायकोच्या हातातलं दुपटं त्या ट्रंकेतलंच होतं, आणि त्याला अजून कापराचा वास येत होता.

"मी आणलं," तो म्हणाला. "कसरीसाठी. आईनं विचारलं होतं. मी तिच्यावर खेकसलो."

 बायकोनं दुपटं नाकाशी नेलं, वास घेतला आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला लांब ठेवून दिलं.

गर्दी पांगल्यावर, तीन वाजता, काकांना दवाखान्यात आणलं, भाजीच्या हातगाडीवरून. खाट रिकामी नव्हती म्हणून बोळातच भिंतीशी गादी टाकली. जबडा डोक्यावरून पट्टीनं बांधला, एका डोळ्याच्या जागी नुसती सूज होती, श्वास घेताना बरगडीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पाठोपाठ दोन पोलीस आले. त्यांच्यामागं केशकर्तनवाला आणि टायरवाला, दोघांचे चेहरे अजून पिवळे.

"कुणी मारलं?" पोलिसानं विचारलं.

"आम्ही काही पाहिलं नाही बुवा," टायरवाला म्हणाला. "पण ह्या माणसानं पोरांना विष..."

"मी मारलं," भडका म्हणाला. तो भिंतीपासून उठला होता. "आणि विष त्यांचं नाही. माझं आहे. माझ्या घरातलं. त्यांनी मला फूल दाखव म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं."

 केशकर्तनवाला हळूच मागं सरकला आणि दारातून दिसेनासा झाला. काकू ताडकन उठल्या. भडक्यानं हात खाली सोडले आणि चेहरा पुढं केला. त्याला मार हवा होता, मनापासून हवा होता. काकूंनी तोंड फोडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण काकू त्याच्या तोंडावर थुंकल्या, नवऱ्याजवळ परत बसल्या आणि त्याच्याकडे पाठ केली.

भडक्याच्या खिशात एक फूल होतं, बरणीतलं. ते घेऊन तो गादीजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ते काकांच्या हाताशी ठेवलं. दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. काकांनी उघडा डोळा त्याच्यावरून फुलाकडे वळवला. त्यांनी फूल उचललं आणि अंगठा सावकाश पाकळ्यांवरून फिरवला. एक, दोन, तीन. आठावर ते थांबले नाहीत. टोकाची चोच बोटानं चाचपली. मान किंचित हलवली, स्वतःशीच, गिऱ्हाईक चुकीचा माल घेऊन आल्यावर हलवत तशी. मग फूल त्यांनी गादीवर ठेवलं, दोन्ही हात छातीशी आणले आणि तुटक्या बरगड्यांवर एक न दिसणारं बाळ जोजवलं. डोळा भडक्यावर होता. पोरगी कशी आहे?

 पडद्यामागून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "तासाभरात झटका आलेला नाही. रडतेय. रडतेय हे चांगलं आहे."

काकांनी डोळा मिटला. भडका गादीच्या कडेला डोकं टेकून हुंदके देऊन रडला, आणि कुणीही त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

पोलिसांनी पाच मिनिटं दिली, पोर बघून ये म्हणाले. पडद्याआड बायको खाटेजवळ उभी होती. मध्ये केव्हातरी आई चालत चालत येऊन पोचली होती. ती खाटेच्या पायथ्याशी बसली होती. पोरीचा आवाज बारीक आणि चिरका होता. एक पाय पांघरुणाबाहेर आला होता, अंगठ्याएवढा तळवा.

भडक्यानं तो तळवा धरायला हात पुढं केला.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती पोरीच्या चेहऱ्यावर वाकली होती. पण त्याचा हात पुढं येताच तिचं कोपर वर आलं, पोरीच्या आणि त्याच्या मध्ये, अगदी आपोआप, आणि त्याच क्षणी पायथ्याशी बसलेल्या आईचंही.

तो हात तसाच हवेत राहिला. अजून त्याच्या नखांत रक्त होतं, वाळलेलं. मग त्यानं हात मागं घेतला, बाहेर आला आणि पोलिसांबरोबर जिना उतरून गेला.